विश्लेषण : जर्मनी, डेन्मार्कमध्ये नोकरी हवी, तर भाषा किती यायला हवी?

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याला कामासाठी घर सोडणे नवे नाही. मेढ्याच्या एसटी स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांनी इथल्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी कामासाठी नेल्या. त्या प्रवासात भाषेचा प्रश्न कधी आला नाही. आता मात्र तालुक्यातील आयटीआय आणि नर्सिंग झालेल्या तरुणांसमोर जर्मनी, डेन्मार्क, जपान अशी नावे येऊ लागली आहेत. तिथे हाताला काम आहे, पण त्याआधी भाषेची परीक्षा आहे. ‘व्हिसाला भाषा लागत नाही’ असे एक जण सांगतो, तर ‘बी-२ झाल्याशिवाय काही होत नाही’ असे दुसरा. ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी कशी असू शकतात, याचा हा आढावा.

महाराष्ट्राचा जर्मनीशी करार काय आहे?

जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य आणि महाराष्ट्र यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत सामंजस्य करार झाला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मर्सिडीज-बेंझ, पोर्शे आणि बॉश या कंपन्यांचे हे माहेरघर. मुंबई आणि स्टुटगार्ट ही शहरे तर १९६८ पासून ‘भगिनी शहरे’ आहेत. करारानंतर राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय काढला आणि प्रायोगिक तत्त्वावर १० हजार उमेदवार तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. यादीत परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वृद्धांची काळजी घेणारे, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, गवंडी, रंगारी, स्वयंपाकी, वेटर, बस आणि ट्रकचालक असे सुमारे ३० व्यवसाय आहेत. जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा खर्च राज्य उचलणार आणि प्रशिक्षणाची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, अशी रचना ठरली.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. यातील बहुतेक कामे संगणकासमोर बसून करायची नाहीत. ती माणसांत, रुग्णांत, ग्राहकांत, बांधकामावर आणि रस्त्यावर करायची आहेत. त्यामुळे या योजनेचा खरा कस रोजगार मेळाव्यातल्या गर्दीत लागणार नाही, तो भाषेच्या वर्गात लागणार आहे.

व्हिसासाठी भाषा लागतेच का?

याचे उत्तर कोणत्या दाराने जायचे त्यावर अवलंबून आहे. पदवीधर आणि ठरावीक पगाराच्या वर नोकरी मिळालेल्यांसाठी असलेल्या ‘ईयू ब्लू कार्ड’ला जर्मन भाषेची अट नाही. म्हणूनच पुण्यातून सॉफ्टवेअरमधील तरुण इंग्रजीच्या बळावर बर्लिन किंवा म्युनिकला जाऊ शकतो. जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘चान्सनकार्ट’ म्हणजे संधी कार्डावर नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत जाता येते. गुणांकनाच्या मार्गाने त्यासाठी किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी लागते आणि एकूण सहा गुण जमवावे लागतात. जर्मन जितकी चांगली, तितके गुण जास्त. बी-२ असेल तर एकट्या भाषेचेच तीन गुण मिळतात.

आयटीआय झालेल्यांना महत्त्वाचे दार मार्च २०२४ पासून उघडले आहे. आपले प्रमाणपत्र जर्मन प्रमाणपत्राच्या बरोबरीचे आहे, हे ठरवण्याची प्रक्रिया तिथे पोहोचल्यावर, नोकरी करता करता पूर्ण करता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे ए-२ जर्मन हवी. ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे कंपनीत काम आणि शाळेत शिक्षण अशा जोडअभ्यासक्रमाला जायचे तर साधारण बी-१ लागते, कारण तिथे वर्गात शिकवणे आणि परीक्षा दोन्ही जर्मनमध्ये असतात.

इंजिनीअरला सूट, नर्सला सक्ती का?

कारण काही व्यवसाय ‘नियमन असलेले’ मानले जातात. तिथे व्हिसा आणि काम करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नर्सला बी-१ वर जर्मनीत पोहोचता येते. पण नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना हवा, तर बहुतेक ठिकाणी बी-२ पूर्ण करावे लागते. तोपर्यंत ती मदतनीस म्हणून काम करते आणि पगारही त्याच हिशेबाने मिळतो. डॉक्टरांना सर्वसाधारण भाषेबरोबर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तिची पातळी सी-१ असते.

यामागचा तर्क साधा आहे. प्रोग्रामरचा शब्द चुकला तर तो पुन्हा लिहिता येतो. रात्रपाळीत ८० वर्षांच्या आजींनी ‘छातीत जड वाटतंय’ असे त्यांच्या बोलीत सांगितले आणि नर्सला ते कळले नाही, तर ती चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. इलेक्ट्रिशियनच्या व्यवसायाला परवान्याची अट तितकी कडक नाही, तरी ‘मेन बंद केला का?’ हा प्रश्न कळणे तिथेही जिवाचा प्रश्न असतो. ट्रकचालकाला जर्मन परवान्याची लेखी परीक्षा जर्मनखेरीज १२ भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे. हिंदी नाही, मराठीही नाही.

थोडक्यात, भाषेची गरज पगाराच्या उलट दिशेने वाढत जाते. ज्याचा पगार मोठा आणि काम पडद्यावरचे, त्याला कायदा सूट देतो. ज्याचे काम हाताचे आणि माणसांतले, त्याच्याकडे तो भाषा मागतो.

‘बी-२’ म्हणजे किती आणि किती दिवसांत?

ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांची ही मोजपट्टी ‘कौन्सिल ऑफ युरोप’ने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ए-१ म्हणजे नाव, गाव, वेळ, भाव विचारता येणे. ए-२ म्हणजे रोजचे ठरावीक व्यवहार. बी-१ म्हणजे अनोळखी प्रसंगात स्वतःचे म्हणणे मांडता येणे, आणि बी-२ म्हणजे समोरच्याला न थांबवता कामाचे बोलणे समजणे.

जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-१ पर्यंत ३५० ते ६५०, तर बी-२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात. एक तासिका ४५ मिनिटांची. याचा हिशेब मांडला तर बी-२ साठी ४५० ते ६०० तास होतात. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस असा नेमाने अभ्यास केला तरी ३८ ते ५० आठवडे. मधे सुगी, लग्नसराई, आजारपण धरले तर वर्ष उलटते. ‘तीन महिन्यांत जर्मन, सहाव्या महिन्यात विमान’ अशी जाहिरात दिसली तर हे गणित आठवावे.

परीक्षेचेही एक वैशिष्ट्य आहे. गोएथेच्या बी-१ आणि बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० टक्के लागतात. वाचनात ९० मिळाले म्हणून श्रवणातले ४५ झाकले जात नाहीत. दिलासा एवढाच, की राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. दहावी-बारावीला घोकून पास होण्याची सवय असलेल्यांची दांडी बहुधा श्रवण आणि संभाषणात उडते.

डेन्मार्कचे चित्र वेगळे कसे?

डेन्मार्क लहान देश. लोकसंख्या सुमारे ६० लाख. तिथले बहुतांश लोक उत्तम इंग्रजी बोलतात. जास्त पगाराच्या नोकरीसाठीच्या योजनेत आणि कामगारटंचाई असलेल्या व्यवसायांच्या ‘पॉझिटिव्ह लिस्ट’मध्ये निवास परवान्यासाठी डॅनिश भाषेची सरसकट अट नाही. पवनऊर्जा, औषधनिर्माण, जहाजवाहतूक या क्षेत्रांतील मोठ्या कंपन्यांत इंग्रजीवर काम चालते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवरील पवनचक्क्यांवर काम शिकलेल्या तंत्रज्ञाला या देशाचे आकर्षण वाटले तर नवल नाही. पवनऊर्जेत डेन्मार्कचे नाव जगात पुढे आहे.

मात्र आरोग्यसेवेत तिथेही सूट नाही. युरोपबाहेरून आलेल्या डॉक्टर-नर्सना परवान्याच्या वाटेवर डॅनिशची परीक्षा द्यावीच लागते. आणि सूट मिळालेल्यांनाही ती कायमची नसते. डेन्मार्कमध्ये कायमस्वरूपी निवासासाठी ‘प्रूव्ह इ डान्स्क २’ ही परीक्षा किंवा तिच्या बरोबरीची पातळी लागते. सर्वसाधारण मुदत आठ वर्षांची; पण पूरक अटीही पूर्ण केल्या, ज्यांत वरच्या पातळीची तिसरी परीक्षा आहे, तर ती चार वर्षांवर येते. नागरिकत्वासाठी मुख्य नियम म्हणून तिसरीच परीक्षा हवी. म्हणजे पहिल्या दिवशी माफ केलेली भाषा सरकार काही वर्षांनी व्याजासह मागते.

शिकण्याची सोय मात्र डेन्मार्कमध्येच चांगली आहे. परदेशी नोकरदारांना ठरावीक मुदतीपर्यंत सरकारी भाषावर्ग मिळतात आणि शिकणाऱ्याच्या शालेय शिक्षणानुसार त्यांचे तीन स्तर केलेले आहेत. २०१८ मध्ये सरकारने या वर्गांना शुल्क लावले होते. २०२० मध्ये ते पुन्हा काढण्यात आले. जर्मनीसाठी पुणे-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, तशी मोठी व्यवस्था डॅनिशसाठी आपल्याकडे नाही. म्हणून जर्मनीला जाणारा भाषा शिकून विमानात बसतो आणि डेन्मार्कला जाणारा उतरल्यावर वर्ग शोधतो.

इंग्रजीवर किती काळ निभावते?

नोकरी टिकून आहे, कंपनी बहुराष्ट्रीय आहे आणि माणूस एकटा आहे, तोवर ठीक चालते. अडचण सुरू होते ती नोकरी बदलताना, घरमालकाशी करार करताना, मूल शाळेत घालताना. जर्मनीतील नियमच पाहा. ब्लू कार्डधारकाला बी-१ येत असेल तर २१ महिन्यांत कायमस्वरूपी परवाना मिळू शकतो. फक्त ए-१ असेल तर २७ महिने लागतात. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचा निवास आणि बी-१ ही मुख्य अट आहे.

सोबत जाणाऱ्या जोडीदाराचा प्रश्न आणखी वेगळा. ब्लू कार्डधारकाच्या पती-पत्नीला व्हिसासाठी भाषेतून सूट असते. पण गावाकडे शिक्षिका किंवा परिचारिका असलेली पत्नी तिथे भाषेअभावी घरात बसते आणि दोन पगारांचा संसार एका पगारावर येतो. घराच्या हिशेबात हा तोटा सहसा धरलाच जात नाही.

मराठी माध्यम म्हणजे तोटाच का?

भाषावर्गात मराठी माध्यमाचे विद्यार्थी मागे पडतात, कारण पुस्तके आणि शिकवणे बहुधा इंग्रजीतून असते. आधी इंग्रजी समजायची, मग तिच्यातून जर्मन, असा हा दुहेरी वळसा. प्रत्यक्षात मराठीकडून जर्मनकडे जाणारा रस्ता काही ठिकाणी जवळचा आहे.

इंग्रजीत टेबल, खुर्ची, भांडे यांना लिंग नाही. मराठीप्रमाणेच जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत हे खरे. मराठीत सूर्य ‘तो’, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. पण निर्जीव वस्तूला लिंग का, हा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. ‘मुलगी’साठीचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून इंग्रजी माध्यमवाला चक्रावतो, ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. जर्मनमध्ये ‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्यांशात क्रियापद शेवटी जाते, मराठीत ते एरवीही तिथेच असते. जर्मन चार विभक्ती वापरते. मराठीत ‘ला, ने, चा’ लहानपणापासून तोंडात असतात.

आकडे तर आणखी गमतीचे. जर्मन आणि डॅनिशमध्ये एकक आधी येतो, जसा आपल्याकडे ‘पंचवीस’मध्ये पाच आधी. डॅनिशमधील ५०, ७० आणि ९० हे आकडे शिकताना परदेशी लोक हैराण होतात, कारण ते विसाच्या पटीत आहेत. ५० साठीच्या ‘हाल्वट्रेस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘अडीच विसा’. ७० म्हणजे ‘साडेतीन विसा’ आणि ९० म्हणजे ‘साडेचार विसा’. जावळीतल्या ज्या आजोबांनी विसाच्या हिशेबाने नग मोजले आहेत, त्यांना हे एका मिनिटात पटेल. डॅनिशचा खरा त्रास उच्चारात आहे. लिहिलेले बरेचसे बोलताना गिळले जाते. त्यामुळे वाचून समजणारी भाषा कानावर पडली की अनोळखी वाटते.

राज्याच्या वर्गांत हे साम्य धरून मराठीतून व्याकरण समजावले, तर ग्रामीण विद्यार्थ्याचे काही महिने वाचू शकतात. त्यासाठी जर्मन आणि मराठी दोन्ही चांगल्या येणारे शिक्षक लागतील, आणि ते पुण्याबाहेर मिळणे हीच अडचण आहे.

वर्गातली भाषा कामावर पुरते का?

बाडेन-वुर्टेमबर्गने १९९९ मध्ये स्वतःची जाहिरात करताना गमतीने म्हटले होते, की आम्हाला सगळे काही येते, फक्त प्रमाण जर्मन सोडून. तिथे श्वाबियन आणि अलेमानिश बोली चालतात. मेढ्याच्या बाजारातले बोलणे आणि पाठ्यपुस्तकातली मराठी यांत जितके अंतर, तितके तिथेही आहे. प्रमाण जर्मन शिकून गेलेल्याचे पहिले काही महिने ‘काय म्हणालात?’ हे विचारण्यात जातात. त्याला नापास समजण्याचे कारण नाही. मात्र मालकाने आणि उमेदवाराने हा काळ आधीच गृहीत धरायला हवा.

मेढ्यातून हे कितपत जमेल?

अडथळा बुद्धीपेक्षा वेळेचा आणि अंतराचा जास्त आहे. परीक्षा केंद्र असलेले पुणे मेढ्यापासून सव्वाशे किलोमीटरहून लांब. चार भागांची परीक्षा, त्यात एखादा भाग राहिला की पुन्हा फेरी. नोकरी करत असलेल्या वायरमनला रोज दोन तास काढायचे, तर रोजगार बुडतो. शासनाने वर्गाचे शुल्क भरले तरी हा बुडालेला रोजगार कुणी भरून देत नाही.

केरळचा अनुभव इथे उपयोगी ठरतो. तेथील ‘नोर्का रूट्स’ या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय रोजगार यंत्रणेशी करार करून ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात परिचारिका पाठवायला सुरुवात केली. त्यात क्रम वेगळा आहे. आधी निवड आणि मालकाशी मुलाखत, मग भारतात बी-१ पर्यंत भाषा, आणि उरलेली बी-२ जर्मनीत पोहोचल्यावर काम करता करता. शिकणाऱ्याला आपण कुठल्या रुग्णालयासाठी शिकतो आहोत हे माहीत असते. आधी वर्ग भरवायचे आणि मग नोकरी शोधायची, असा क्रम ठेवला तर मुलाचे वर्ष पणाला लागते आणि जोखीम सगळी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येते.

निर्णय घेण्याआधी काय तपासावे?

पहिले, आपला व्यवसाय परवाना लागणारा आहे की नाही. असेल तर व्हिसाची पातळी सोडून परवान्याची पातळी हेच लक्ष्य धरावे. दुसरे, वर्ग संपल्यावर मिळणारे संस्थेचे प्रमाणपत्र व्हिसासाठी चालत नाही; गोएथे, टेल्क, ओएसडी यांसारख्या मान्यताप्राप्त परीक्षेचेच चालते. तिसरे, नोकरीच्या करारात भाषा कोणत्या पातळीपर्यंत, कुणाच्या खर्चाने आणि कामाच्या वेळेत की बाहेर, हे लिहिलेले आहे का. चौथे, एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का. अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो.

आणि शेवटचे, नोकरी सोडण्याआधी ए-१ करून पाहावे. शंभर-दीडशे तासिकांत आपला कान, आपली चिकाटी आणि घरची सोय या तिन्हींचा अंदाज येतो. भारतातून जाणाऱ्या कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसा मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेत असल्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. दार रुंद झाले आहे. त्यातून जावळीचा इलेक्ट्रिशियन आत जाईल, की पुण्याचा इंजिनीअरच, हे पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत भाषेचे वर्ग कसे पोहोचतात, यावर ठरेल.